खिलाफतीचं गाव आणि कोर्टाच्या तारखा

भारतीय संविधान मानत नाही, खलिफाच्या नावाने तरुणांना 'बयत' म्हणजे निष्ठेची शपथ देतो, असा ज्याच्यावर आरोप होता तो माणूस २०२५ साली सर्वोच्च न्यायालयात त्याच संविधानाचा आधार मागत होता. साकिब नाचन. भिवंडी तालुक्यातल्या पडघ्याला लागून असलेल्या बोरिवली गावचा. 'इस्लामिक स्टेट'ला दहशतवादी संघटना ठरवणाऱ्या केंद्र सरकारच्या २०१५ आणि २०१८च्या अधिसूचना घटनाबाह्य आहेत, असं त्याच्या याचिकेचं म्हणणं होतं. तो तुरुंगात होता आणि आपली बाजू स्वतःच मांडत होता. न्यायालयाने मे महिन्यात त्याच्या मुद्द्यांवर साहाय्य करायला दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका निवृत्त न्यायमूर्तींना न्यायमित्र म्हणून नेमलं. निकालापर्यंत गाडी गेलीच नाही. २८ जून २०२५ रोजी दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात मेंदूतल्या रक्तस्रावाने त्याचा मृत्यू झाला.

ही बातमी वाचून अनेकांनी कपाळाला आठ्या घातल्या. अशा माणसाला न्यायमित्र कशाला? मला मात्र त्या एका नेमणुकीत जेवढं सामर्थ्य दिसलं तेवढं कुठल्याही पहाटेच्या छाप्यात दिसलं नाही. असं का, हे सांगायचं तर भिवंडीच्या गेल्या पंचावन्न वर्षांतून जावं लागेल.

मुंबई-नाशिक महामार्गावर भिवंडी मागे टाकली की गोदामांची रांग लागते. देशभर घरपोच जाणारा निम्मा माल इथूनच निघत असावा असं वाटावं, एवढे पत्र्याचे शेड. पुढे पंधरा-वीस किलोमीटरवर पडघा. राज्याच्या वीजजाळ्यातलं मोठं उपकेंद्र इथे आहे, बाजार आहे, टोलनाका जवळ आहे. बोरिवली त्याला खेटूनच. वस्ती मुख्यतः कोकणी मुसलमानांची. ते पिढ्यान्‌पिढ्या इथलेच आहेत आणि घरी बोलतात ती भाषा मराठीच्याच कुळातली. भिवंडी शहरातले मोमीन विणकर वेगळे. त्यांचे पूर्वज १८५७नंतर उत्तर प्रदेशातून हातमाग घेऊन आले, मग पॉवरलूम आले, आणि खडखडाट हाच या शहराचा आवाज झाला. बाहेरच्याला दोन्ही 'भिवंडीचे मुसलमान'. एकमेकांना मात्र ते चांगलेच वेगळे ओळखतात.

९ डिसेंबर २०२३ रोजी राष्ट्रीय तपास यंत्रणेने, म्हणजे एनआयएने, पडघा-बोरिवली, ठाणे, मीरा रोड, पुणे आणि बंगळुरू मिळून ४४ ठिकाणी छापे घातले. १५ जणांना अटक झाली, त्यात नाचन होता. यंत्रणेने त्या दिवशी जाहीर केलं की या मंडळींनी पडघ्याला 'मुक्त क्षेत्र' आणि 'अल शाम' ठरवलं होतं आणि बाहेरच्या तरुणांना तिथे येऊन राहा म्हणून सांगितलं जात होतं. शाम म्हणजे सीरियाचा प्रदेश. महामार्गालगतच्या, ग्रामपंचायत असलेल्या, मतदान करणाऱ्या गावाला सीरिया म्हणायचं! आरोप सिद्ध व्हायचे आहेत, खटला चालू आहे. पण ते खरे धरले तरी त्यातली कल्पनाशक्ती तपासण्यासारखी आहे, कारण दहशतवादाचं मूळ तिथेच आहे. आपण राहतो ते गाव खरं नाही, खरं गाव दुसरीकडे आहे, आणि शेजारी, तलाठी, न्यायाधीश हे सगळे तात्पुरते आहेत, असं एकदा मनाने घेतलं की पुढचं सगळं सोपं होतं.

ही कल्पना पडघ्यात उगवली नाही. तिचा प्रवास बराच लांबचा आहे. अबुल आला मौदूदी यांनी १९४१ साली लाहोरात जमात-ए-इस्लामीची स्थापना केली. सार्वभौमत्व फक्त ईश्वराचं, माणसांनी माणसांसाठी केलेला कायदा हे त्यावरचं अतिक्रमण, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. इजिप्तच्या सय्यद कुत्ब यांनी १९६४च्या आपल्या पुस्तकात ती अधिक धारदार केली. त्यांच्या लेखी मुसलमानांचे समाजसुद्धा अज्ञानयुगात परतले होते. १९६६मध्ये नासरच्या राजवटीने त्यांना फाशी दिलं आणि पुस्तकाला हुतात्म्याचं वजन आलं. विचार मारायला निघालेल्या हुकूमशाहीने त्याची किती सेवा केली, याचा हिशेब अजून लागलेला नाही.

भारतात मात्र एक वेगळी गोष्ट घडली आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. फाळणीनंतर इथे राहिलेल्या जमातला हिंदुबहुल लोकशाहीत जगायचं होतं. संघटना हळूहळू बदलली, पुढे तिने आपल्या सदस्यांवरची मतदानाची बंदीही उठवली. तिच्याच सावलीत २५ एप्रिल १९७७ रोजी अलीगढला 'सिमी' ही विद्यार्थी संघटना निघाली होती. इराणची क्रांती, अफगाणिस्तान, पॅलेस्टाईन या वाऱ्यांनी पोरं तापली. मोठ्यांना ते झेपेना. जमातने १९८२मध्ये 'एसआयओ' ही दुसरी विद्यार्थी संघटना काढली आणि सिमीपासून हात झटकले. म्हणजे बापाने लोकशाहीशी जुळवून घेतलं आणि मुलगा रुसून निघून गेला. लोकशाही नको, सेक्युलॅरिझम नको, राष्ट्रवाद नको, अशी पोस्टरं सिमीने लावली. बाबरी मशीद पडल्यावर नवा महमूद गझनवी पाठव म्हणून देवाला साकडं घालणारी पोस्टरंही लागली. नाचन ऐंशीच्या दशकात याच संघटनेचा सरचिटणीस होता. २७ सप्टेंबर २००१ रोजी सिमीवर बंदी आली.

आता नेहमीचं स्पष्टीकरण असं की दंगलींनी पोळलेले लोक अतिरेकाकडे वळतात. भिवंडीइतकी या सिद्धान्ताची परीक्षा घेणारी जागा महाराष्ट्रात दुसरी नाही. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून इथे दंगल पेटली. न्यायमूर्ती दि. प्र. मादन यांच्या चौकशी आयोगाने वर्षानुवर्षं साक्षी नोंदवून १९७५मध्ये अहवाल दिला. एकट्या भिवंडीत ७८ बळी, त्यातले ५९ मुसलमान आणि १७ हिंदू. आयोगाने राष्ट्रीय उत्सव मंडळाला आणि शिवसेनेला दोष दिला, तपासातल्या पोलिसी पक्षपातावर नेमकं बोट ठेवलं. निर्दोष मुसलमानांना गोवलं गेल्याचंही नोंदवलं. मे १९८४मध्ये पुन्हा तेच. भिवंडी, कल्याण, ठाणे, मुंबई पेटली, बळींची संख्या पावणेतीनशेच्या घरात गेली. भिवंडीच्या अन्सारी बागेत जीव वाचवायला जमलेली माणसं जाळली गेली.

दंगल हेच कारण असेल तर पहिला उमेदवार कोण? अन्सारी बागेतून वाचलेला, माग जळालेला मोमीन कारागीर. पण तो दुसऱ्या आठवड्यात बीम चढवायला उभा राहिला, कारण मालकाकडची उचल फिटलेली नव्हती. खिलाफतीचं स्वप्न ज्याच्या नावावर पुढे गाजलं तो नाचन बोरिवलीतल्या खात्यापित्या समाजातला, शिकलेला. कल्याणहून मे २०१४मध्ये यात्रेकरूंच्या जथ्याबरोबर बगदादला उतरून गायब झालेले चौघे शिकलेल्या, मध्यमवर्गीय घरांतले. त्यातला एक सिव्हिल इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. गांबेटा आणि हेर्टोग या अभ्यासकांनी तर जिहादी संघटनांत इंजिनिअर इतके का भेटतात यावर अख्खं पुस्तक लिहिलं. १८९७मध्ये पुण्यात रँडवर गोळी झाडणारे चापेकर बंधूही मिलमजूर नव्हते. त्यांच्या कारणाबद्दल आपल्याला ममत्व आहे आणि ते लपवायचं कारण नाही, पण मनाची घडण पाहायची तर पाहावी लागते. अन्याय स्वतः सोसणारा सहसा नुकसानभरपाईच्या रांगेत असतो. शस्त्र उचलणारा बहुतेक वेळा दुसऱ्याच्या अन्यायाचा वकील झालेला असतो, आणि या वकिलाला अशिलाची परवानगी लागत नाही.

म्हणून तक्रार खरी आहे का हा एक प्रश्न आणि विचारसरणी तिचं काय करते हा दुसरा. डावे मित्र पहिल्यावर थांबतात, उजवे मित्र दुसऱ्यावर. मादन अहवालात जे नोंदलंय ते खरंच आहे. ज्या सरकारने तो अहवाल मागवला त्यानेच तो कपाटात टाकला, हेही खरं आहे. पण १९७०च्या पोलिसाने केलेल्या पक्षपाताचं उत्तर २००३ साली मुलुंडला स्फोट झालेल्या लोकलच्या डब्यात उभ्या असलेल्या प्रवाशाने द्यावं, हे गणित कुठल्याही अन्यायातून आपोआप निघत नाही. ते कुणीतरी मांडून द्यावं लागतं.

आणि मांडून देणारे एकाच धर्मात नसतात. ४ जून २००८ रोजी शेजारच्या ठाण्यात गडकरी रंगायतनात बॉम्ब फुटला. निमित्त काय, तर 'आम्ही पाचपुते' हे नाटक. २०११मध्ये सत्र न्यायालयाने दोघांना दोषी धरलं, ते हिंदुत्ववादी गटाशी जोडलेले होते. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घातल्या. मे २०२४मध्ये दोघा मारेकऱ्यांना जन्मठेप झाली, कटाचा मेंदू कोण हे मात्र शाबीत झालं नाही. धर्म धोक्यात आहे, राज्य आपलं नाही किंवा पुरेसं आपलं नाही, म्हणून कायदा आपल्याला लागू नाही, ही तीन वाक्यं दोन्हीकडे जवळपास सारखी आहेत.

मग लोकशाहीने काय करायचं? भिवंडीने याचं एक उत्तर देऊन ठेवलं आहे, आणि ते दिल्लीहून आलेलं नव्हतं.

१९८८मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. ठाण्यात बसून खबऱ्यांची वाट बघण्याऐवजी त्यांनी प्रत्येक बीटमध्ये मोहल्ला समिती केली. हिंदू-मुसलमान दोन्ही, सारख्या संख्येने. निव्वळ पुढारी आणि मौलवी टाळून रिक्षावाले, दुकानदार, लूमवाले, शिक्षक घेतले. समितीची जबाबदारी वरच्या साहेबाकडे न ठेवता बीटवरच्या हवालदार-फौजदाराकडे दिली. नळाचं भांडण, भाडेकरूचं भांडण, मुलीला छेडल्याची तक्रार हे सगळं तिथे यायला लागलं. शांतता समितीची बैठक म्हणजे सणाआधी चहा-बिस्किटं आणि भाषणं हा आपल्याकडचा रिवाज. इथे सण नसतानाही माणसं भेटत राहिली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये मुंबई पेटली तेव्हा, जिचं नाव दंगलीसाठीच घेतलं जायचं, ती भिवंडी शांत राहिली. खोपड्यांनी पुढे यावर पुस्तकच लिहिलं. मुंबईतही ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या.

यात विचारसरणीशी वादविवाद कुठेच नव्हता, हे मला महत्त्वाचं वाटतं. हवालदाराने मौदूदी वाचायची गरज नव्हती. राज्य आपलं नाही असं सांगणाऱ्या पत्रकासमोर, आपल्या नळाच्या भांडणात बसलेला, नावानिशी ओळखीचा हवालदार उभा केला की पत्रकाचं वजन कमी होतं. डेन्मार्कमध्ये ऑरहूस शहराच्या पोलिसांनी सीरियात जाऊन आलेल्या तरुणांसाठी जवळपास हेच केलं. गुन्हा असेल तर खटला, नसेल तर मार्गदर्शक, घर, शिक्षण. जगभर त्यावर लेख आले. भिवंडीने ते पाव शतक आधी करून पाहिलं होतं आणि आपण ते विसरूनही गेलो होतो.

विसरण्याची किंमत मोजावी लागलीच. अधिकाऱ्याची बदली झाली की नवा साहेब जुन्याच्या योजनेला हात लावत नाही, हा आपल्या प्रशासनाचा अलिखित नियम. ५ जुलै २००६ रोजी भिवंडीत क्वार्टर गेटजवळ कब्रस्तानालगतच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून जमाव जमला. गोळीबारात दोघे मेले आणि त्या रात्री दोन पोलीस शिपायांना जमावाने ठार करून जाळलं. पोलीस ठाणं कुठे बांधावं यावरून! हा प्रश्न १९९०च्या भिवंडीत मोहल्ला समितीच्या खुर्च्यांवर बसून सुटला असता, असं म्हणण्याचा मोह आवरत नाही.

त्यानंतर सहाच दिवसांनी, ११ जुलैला, मुंबईच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले. १८०हून अधिक माणसं गेली. इथून लोकशाहीच्या दुसऱ्या उत्तराची गोष्ट सुरू होते, तपास आणि खटला. ती जास्त लांबली आणि जास्त बिघडली.

संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याच्या, म्हणजे मकोकाच्या, न्यायालयाने २०१५मध्ये बारा जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत, साक्षीदार टिकत नाहीत, सरकार पक्ष गुन्हा शाबीत करण्यात पुरता अपयशी ठरला. गुन्हा उलगडल्याचा खोटा देखावा केला की खरा धोका मोकळाच राहतो, या अर्थाचं न्यायालयाने सुरुवातीलाच लिहून ठेवलं. सर्वोच्च न्यायालयाने तीन दिवसांत या निकालाला पूर्वोदाहरण म्हणून वापरण्यावर स्थगिती दिली, मात्र सुटलेल्यांना परत आत जायला लावलं नाही. बारापैकी एक जण २०२१मध्येच तुरुंगात वारला होता. उच्च न्यायालयाच्या निकालानंतर दहा दिवसांनी, ३१ जुलैला, २००८च्या मालेगाव स्फोटातले सातही आरोपी विशेष न्यायालयातून निर्दोष सुटले. तिथे सहा माणसं मेली होती. एका निकालावर एका बाजूने पेढे वाटले, दुसऱ्यावर दुसरीने. दोन्ही खटल्यांतल्या मृतांच्या घरी काय पोचलं? एकोणीस आणि सतरा वर्षांनंतर, कुणी मारलं हे माहीत नाही, एवढंच.

विचारसरणीला याहून मोठी भेट कुठली? निरपराध आत गेला तर ती म्हणते, बघा, हे राज्य आपलं नाही. दोषी सुटला तर बळीच्या बाजूची विचारसरणी तेच वाक्य म्हणते. ब्रिटनने हे आधी भोगलंय. ऑगस्ट १९७१मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये विनाखटला स्थानबद्धता सुरू झाली. पहिल्याच धाडीत साडेतीनशेच्या आसपास माणसं उचलली, त्यातल्या बऱ्याच जणांचा आयआरएशी संबंध नव्हता, आणि हिंसा कमी होण्याऐवजी भडकली. बर्मिंगहॅमच्या स्फोटांसाठी सहा निरपराध सोळा वर्षं तुरुंगात राहून १९९१मध्ये सुटले. आपल्याकडे टाडा हा दहशतवादविरोधी कायदा आला १९८५मध्ये, गेला १९९५मध्ये. पोटा २००२ ते २००४. मकोका १९९९पासून आहेच. मग २००८मध्ये बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात, म्हणजे यूएपीएत, अशी दुरुस्ती झाली की आरोप सकृद्दर्शनी खरे वाटले तर जामीनच नाही. दर स्फोटानंतर कायदा कडक होत गेला. न्यायालयाच्या खोल्या मात्र तेवढ्याच राहिल्या.

नाचनचंच पाहा. १९९२मध्ये सीबीआयने त्याला एका खलिस्तानी अतिरेक्याबरोबरच्या कटात पकडलं, टाडाखाली जन्मठेप झाली, सर्वोच्च न्यायालयाने ती दहा वर्षांवर आणली. तो सुटला. २००२-०३मध्ये मुंबई सेंट्रल, विलेपार्ले आणि मुलुंड असे स्फोट झाले, तेव्हा पुन्हा त्याचं नाव आलं. मुंबई पोलिसांचं पथक त्याला उचलायला आलं तर गावाने अडवलं. पुढे तो शरण आला. पोटाचा खटला तेरा वर्षं चालला. मार्च २०१६मध्ये दहा जण दोषी आणि तिघे निर्दोष ठरले. नाचनला शिक्षा झाली ती शस्त्रं बाळगल्याबद्दल, दहा वर्षांची. तीही आधीच्या कोठडीत जवळजवळ भरलेली. २०१७मध्ये तो बाहेर, २०२३मध्ये परत आत. मधल्या काळात गावातल्या तरुणाला काय दिसलं असेल? राज्य ज्याला सर्वांत धोकादायक म्हणतं त्याचं ते नक्की काय करू शकतं, हे राज्याला स्वतःलाच ठरवता येत नाही. अशा माणसाभोवती वलय तयार व्हायला चमत्कार लागत नाही.

याच्या उलट उदाहरण मुंबईतच आहे. अजमल कसाब २६ नोव्हेंबर २००८च्या दहशतवादी हल्ल्याच्या रात्री जिवंत हाती लागला. त्याला वकील दिला गेला. मे २०१०मध्ये विशेष न्यायालयाचा निकाल, फेब्रुवारी २०११मध्ये उच्च न्यायालयाचा, ऑगस्ट २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा. तिथेही त्याच्या बाजूने ज्येष्ठ वकील न्यायमित्र होते. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले आणि वरपर्यंत निर्दोषच राहिले. 'बिर्याणी खिलवतात' म्हणून त्या वेळी गल्लोगल्ली चेष्टा झाली, पण जगात कुणी म्हणू शकलं नाही की भारताने त्याला न्याय दिला नाही. आणि मुंबईच्या मुस्लीम संस्थांनी मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना आपल्या कब्रस्तानात जागा द्यायला नकार दिला. हे त्यांना कुणी करायला लावलं नव्हतं.

कल्याणचा तो विद्यार्थी नोव्हेंबर २०१४मध्ये परत आला आणि अटकेत गेला. खटला रेंगाळला, साक्षीदारांची यादी संपेना. त्यानेही उच्च न्यायालयात आपली बाजू स्वतः मांडली. फेब्रुवारी २०२१मध्ये न्यायालयाने, खटला लवकर संपण्याची चिन्हं नाहीत म्हणून, त्याचा जामीन कायम ठेवला. कडक अटी घातल्या, आरोप मिटवले नाहीत. काहींना हे नरमाईचं वाटलं. मला त्यात हिशेब दिसतो. सहा-सात वर्षांत खटला उभा करता येत नसेल तर कोठडीलाच शिक्षा म्हणायची सोय राज्यघटना देत नाही. सीरियात गेल्याचा आरोप असलेल्या मुलाने मुंबईच्या न्यायालयात कलम २१वर युक्तिवाद करणं ही, विचारांच्या लढाईत, आपल्या बाजूला पडलेली एक सोंगटी आहे.

पडघ्यात जून २०२५मध्ये राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने, एटीएसने, पुन्हा झडत्या घेतल्या. माहिती असेल तर झडती घ्यायलाच हवी, त्यात संकोच कसला. प्रश्न झडतीनंतरच्या दिवसांचा असतो. गावात उरतो कोण? बहुतेक मोठी भाषणं दिल्लीत आणि नागपुरात होतात, पण बोरिवलीच्या मुलाला राज्य भेटतं ते बीटवरच्या शिपायात, पासपोर्टच्या पोलीस पडताळणीत, आणि गावाचं नाव ऐकून भुवई उंचावणाऱ्या कारकुनात.

गडचिरोलीत १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याला नक्षलवाद्यांच्या सुरुंगात पंधरा पोलीस आणि त्यांचा चालक गेले. विचारसरणी अगदी वेगळी, बाकी सगळं ओळखीचं. त्या प्रकरणातल्या एका आरोपीच्या जामिनावर जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र आणि महाराष्ट्र सरकारला सरळ विचारलं की अशा खटल्यांसाठी स्वतंत्र न्यायालयं कुठे आहेत. आहे त्याच न्यायाधीशाला 'विशेष' अशी पाटी लावून चालणार नाही, आणि नवी न्यायालयं उभी राहिली नाहीत तर आरोपींना जामीन देण्यावाचून आम्हाला गत्यंतर उरणार नाही, असंही सुनावलं. त्याच महिन्यात महाराष्ट्र विधिमंडळाने कडव्या डाव्या संघटनांविरुद्धचं जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. त्यावर सभागृहात आणि बाहेर बरीच गरमागरमी झाली. न्यायाधीश किती नेमायचे, लघुलेखक किती, साक्षीदारांना सांभाळायचं कुणी आणि भिवंडीच्या बीट हवालदाराची बदली किती वर्षांनी करायची, यावर मात्र कुणी माईक ओढला नाही.